काचकाम

मी नळ्या ओढायचो.
काचेची कांडी ज्योतीवर धरायची,
लाल झाली की दोन्ही हातांनी ओढायची, श्वास रोखून.
मधोमध ती केसाहून बारीक होते आणि तुटते.
तुटते तिथून तिचा उपयोग सुरू.
शंभरातल्या नव्वद फुकट जायच्या.
उरलेल्या दहा आस्टा राउन उजेडासमोर फिरवून बघायची,
चार ठेवायची. सहांबद्दल कधी बोलली नाही.

ऑर्हुसमधलं तळघर. हिवाळ्यात साडेतीनला अंधार,
वर सायकली बर्फात रुतलेल्या
आणि खाली आम्ही सदतीस अंशांवर.
सशाच्या मूत्रपिंडातली एक नलिका,
हेन्लेच्या वळशाची चढती बाजू, जेमतेम मिलिमीटरभर.
आस्टा ती चिमट्यांनी सोडवायची,
स्कायेनला तिची आई हेरिंगची जाळी सोडवायची तशी,
एकही गाठ न तोडता.
मग एक टोक माझ्या एका नळीत, दुसरं दुसऱ्या,
आणि आतून वाहतं, थेंबही म्हणवणार नाही इतकं पाणी.
नलिका तास-दोन तास जगायची.
काय विचारायचं ते तेवढ्यात.

नवे विद्यार्थी आले की ती सांगायची:
दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळलं जातं तुमच्या आत.
गाळणं काय, कापडालाही जमतं.
परत काय घ्यायचं, ते कळायला हवं.

अकरा वर्षं तिचं म्हणणं एकच:
या भिंतीतून क्लोराइड आपल्या पायांनी जातो,
सोडियम नुसता मागे फरफटतो.
पाच निबंध. एक पदक, ते खिळ्यांच्या डब्यात.

शहात्तरचा फेब्रुवारी.
रात्रभर माझ्या इंगाचा कान ठणकत होता.
सकाळी मी द्रावण केलं, पेंगत.
दहा वाजता काटा सातवरून शून्यावर.
मेली, आस्टा म्हणाली, दुसरी घे.
दुसरीही. तिसरीही.
मग तिने कालचं उरलेलं द्रावण त्याच तिसरीत सोडलं
आणि काटा उठला,
आजारी माणूस उशीला टेकून उठतो तसा, हळू.

ती माझ्याकडे वळली.
काय घातलं नाहीस?

मी फळीकडे पाहिलं.
पोटॅशियमच्या बरणीचं सील तसंच.
आम्ही इतकी वर्षं ते मुठीनं घालत होतो,
चहात साखर घालावी तसं, न विचारता.
काखेत कळसा, आणि आम्ही त्याच वळशात.

आस्टा स्टुलावर बसली. डबा उघडला,
राईच्या पावाचा तुकडा शेवटपर्यंत चावून खाल्ला.
अकरा वर्षं, म्हणाली.
मी माफी मागायला तोंड उघडलं, तर:
उद्या पुन्हा विसर. मुद्दाम.

दोन वर्षं मी मुद्दाम विसरत राहिलो,
कधी हे मीठ, कधी ते.
एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड,
चौघे एकाच दारातून, एकदम.
एक आला नाही तर तिघे उंबऱ्यावर ताटकळत.
माझे पाचही निबंध चुकीचे, असं तिने सहाव्याच्या
पहिल्याच ओळीत लिहिलं.
कोपनहेगनच्या परिषदेत काहींनी तिला ओळख दिली नाही.
तिने कोट काढलाच नाही, संध्याकाळच्या गाडीने परत.
निबंधाच्या तळाशी, बारीक अक्षरांत:
काचकाम, आयनार स्कोव.
खाल्ल्या मिठाला जागली, इतकंच म्हणेन.

आता मी एक्याऐंशीचा. घोटे सुजतात,
मोज्याची वीण कातडीवर संध्याकाळपर्यंत राहते.
दवाखान्यात पिपालुक आहे, नूकहून आलेली तरुण डॉक्टर,
तिने कागदावर मूत्रपिंड काढून दाखवलं, वळसा थोडा चुकला.
मी ऐकून घेतलं.
ही पांढरी गोळी सकाळी, म्हणाली,
ही तिथे जाऊन एक दार बंद करते.
कुठलं, ते मी विचारलं नाही.
आणि सोबत ही दुसरी, पोटॅशियमची.
तेवढी विसरू नका हं.

मी हसलो, तर तिला वाटलं
मला ऐकू आलं नाही.
तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.